बकू प्रवाळभित्तीचे सहलचालक

बकू प्रवाळभित्तीचे सहलचालक हे कॅरिबियन समुद्रातील टोबॅगो बेटावरील स्थानिक नौकाचालक आणि वाटाडे आहेत. ते पर्यटकांना काचेच्या तळाच्या नौकांमधून बकू रीफ ही प्रवाळभित्ती आणि तिच्या आतील उथळ समुद्र दाखवतात. स्टोअर बे व पिजन पॉइंट या पुळणी आणि बकू हे मच्छीमारांचे गाव, अशा तीन ठिकाणांहून या सहली निघतात. टोबॅगोला भेट देणाऱ्या पर्यटकांच्या कार्यक्रमात या सहलीला प्रमुख स्थान आहे. किनाऱ्यावर येऊन गप्पा मारणारा, सहलीचे आमंत्रण देणारा नौकाचालक हा अनेक प्रवाशांच्या दृष्टीने बेटाशी होणाऱ्या पहिल्या ओळखीचा भाग असतो.

हा व्यवसाय स्थानिक मासेमारीच्या परंपरेतून वाढला. ज्या प्रवाळांवर त्याची उपजीविका अवलंबून आहे, त्यांची हानी काही अंशी याच सहलींमुळे झाली. मात्र प्रवाळांना बाधक ठरणारी अनेक कारणे जमिनीवरील वसाहतींशी आणि तापत्या समुद्राशी निगडित असून ती सहलचालकांच्या नियंत्रणाबाहेर आहेत. त्यामुळे बकू प्रवाळभित्तीचे संरक्षण आणि सहलचालकांचे भवितव्य हे दोन्ही प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

स्थान आणि भूगोल

टोबॅगो हे त्रिनिदाद आणि टोबॅगो या प्रजासत्ताकातील दोन प्रमुख बेटांपैकी लहान बेट आहे. ते त्रिनिदादच्या ईशान्येस सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस किलोमीटर आहे. इ.स. २०११ च्या जनगणनेनुसार बेटाची लोकसंख्या ६०,८७४ होती. बहुसंख्य रहिवासी आफ्रिकी वंशाचे आहेत. इंग्रजी ही कामकाजाची भाषा असून रोजच्या व्यवहारात टोबॅगोची क्रिओल बोली बोलली जाते. स्कारबरो हे बेटाचे मुख्य शहर आहे.

बेटाचा ईशान्य भाग डोंगराळ व वनाच्छादित आहे, तर नैर्ऋत्य टोक सखल असून प्रवाळजन्य चुनखडकाचे बनलेले आहे. विमानतळ, बहुतेक मोठी हॉटेले आणि प्रसिद्ध पुळणी याच सखल भागात एकवटल्या आहेत. स्टोअर बे ही पुळण विमानतळापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

बकू प्रवाळभित्ती पिजन पॉइंट या भूशिरापासून बकूच्या उपसागरापर्यंत कमानीसारखी पसरली आहे. तिचे पाच उथळ पठारी भाग असून त्यांच्यामधून खोल पाण्याच्या वाटा जातात. भित्तीवर खुल्या समुद्राच्या लाटा फुटतात. त्यामुळे तिच्या आतील बाजूस शांत, उथळ पाणी तयार झाले आहे. या पाण्याला लागून बॉन अकॉर्ड लगून हे खाजण असून त्याच्या काठी खारफुटीची वने व तळाशी समुद्री गवताची कुरणे आहेत.

खारफुटी, समुद्री गवत आणि प्रवाळ हे तिन्ही अधिवास परस्परांना जोडलेले आहेत. खारफुटीची मुळे जमिनीवरून येणारा गाळ अडवतात, समुद्री गवत उरलेला गाळ स्थिर करते आणि प्रवाळभित्ती लाटांचा जोर कमी करून आतील दोन्ही अधिवासांचे रक्षण करते. प्रवाळांवर आढळणाऱ्या अनेक माशांची पिल्ले आरंभीचा काळ खारफुटीत व गवतात काढतात. या साखळीतील कोणताही दुवा निखळला तरी काचेच्या तळातून दिसणारे दृश्य बदलते.

इतिहास

मळ्यांकडून पर्यटनाकडे

एकोणिसाव्या शतकात टोबॅगोची अर्थव्यवस्था उसाच्या मळ्यांवर आधारलेली होती. इ.स. १८८४ मध्ये येथील अनेक मळ्यांना पतपुरवठा करणारी लंडनची गिलेस्पी ही पेढी बुडाली आणि साखर उद्योग कोलमडला. इ.स. १८८९ मध्ये ब्रिटिश शासनाने टोबॅगो त्रिनिदादला जोडले. त्यानंतर नारळ, कोको आणि भाजीपाला ही पिके महत्त्वाची ठरली. किनाऱ्यावरील गावांत शेतीबरोबर मासेमारीही चालत असे.

३० सप्टेंबर १९६३ रोजी फ्लोरा या चक्रीवादळाने टोबॅगोला तडाखा दिला. नारळ व कोकोच्या बागा मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाल्या आणि मळ्यांची शेती पूर्वपदावर आली नाही. पुढील दशकांत सरकारी नोकऱ्या आणि पर्यटन हे बेटाच्या उत्पन्नाचे मुख्य आधार बनले. बकू आणि आसपासच्या गावांतील मच्छीमारांकडे नौका होत्या आणि प्रवाळांमधील वाटांचे ज्ञान होते. पर्यटकांना समुद्रात नेण्याचे काम स्वाभाविकपणे त्यांच्याकडे आले. काहींनी मासेमारी सोडली, तर काही हंगामानुसार दोन्ही व्यवसाय करत राहिले.

प्रवाळांवर चालण्याची प्रथा

सुरुवातीच्या काळात प्रवाळांवर प्रत्यक्ष चालणे हा सहलीचा एक भाग असे. ओहोटीच्या वेळी भित्तीचा वरचा भाग जेमतेम गुडघाभर पाण्यात असतो. नौका तेथे थांबवून प्रवाशांना पायात घालण्यासाठी कापडी किंवा प्लास्टिकचे बूट दिले जात. ते प्रवाळांवरून चालत, तुकडे हातात घेऊन पाहत आणि काही जण ते आठवण म्हणून सोबतही नेत. प्रवाळ हा दगड नसून सजीवांची वसाहत आहे, ही जाणीव त्या काळी पर्यटकांमध्ये फारशी नव्हती.

प्रवाळांचे अभ्यासक टॉमस गोरो यांनी इ.स. १९६७ मध्ये बकू प्रवाळभित्ती व बॉन अकॉर्ड लगून यांच्या स्थितीवर अहवाल दिला. लगतच्या किनाऱ्यावरील नागरीकरण लक्षात घेऊन भित्ती आणि खाजण या दोहोंचे जतन करण्याबाबत त्यांनी शिफारशी केल्या होत्या. इ.स. १९७० मध्ये सागरी क्षेत्रांचे जतन व संवर्धन करण्यासाठी कायदा झाला आणि त्याखाली इ.स. १९७३ मध्ये बकू प्रवाळभित्ती प्रतिबंधित क्षेत्र म्हणून घोषित करण्यात आली. हे क्षेत्र बकू रीफ सागरी उद्यान या नावाने ओळखले जाते.

किनाऱ्यावरील भेट

सहलींची विक्री आजही मोठ्या प्रमाणावर समोरासमोर होते. काही प्रवासी हॉटेलमार्फत किंवा आधी नोंदणी करून येतात. परंतु स्टोअर बे व पिजन पॉइंट येथे नौकाचालकांचे प्रतिनिधी पुळणीवर फिरून आलेल्यांशी बोलतात, नौका केव्हा निघणार ते सांगतात आणि दर ठरवतात. पुरेसे प्रवासी जमले की नौका निघते. त्यामुळे ठरलेली वेळ थोडी पुढेमागे होणे सामान्य मानले जाते.

या संभाषणाला स्थानिक शिष्टाचाराची चौकट आहे. त्रिनिदाद आणि टोबॅगोत कामाचे बोलण्यापूर्वी अभिवादन करणे आवश्यक समजले जाते. दुकानात शिरताना, टॅक्सीत बसताना किंवा अनोळखी व्यक्तीला वाट विचारताना आधी 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून' म्हणण्याची रीत आहे. अभिवादन न करता थेट दर विचारणे उद्धटपणाचे वाटू शकते. पुळणीवरील सहलचालकही आधी विचारपूस करतो, पाहुणे कोठून आले, बेटावर किती दिवस राहणार हे जाणून घेतो आणि मग सहलीचा विषय काढतो. बाहेरच्या प्रवाशाला ही निव्वळ विक्रीची युक्ती वाटण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात तीत व्यवसाय आणि स्थानिक रीत या दोहोंचा वाटा असतो.

दर त्रिनिदाद आणि टोबॅगो डॉलरमध्ये सांगितले जातात. परदेशी प्रवाशांना ते कधीकधी अमेरिकी डॉलरमध्येही सांगितले जातात. दोन्ही चलनांचे नाव 'डॉलर' असले तरी त्यांच्या मूल्यात मोठा फरक असल्याने दर कोणत्या चलनात आहे हे आधीच स्पष्ट करून घेण्याची पद्धत आहे. मोठ्या गटांना सवलत मिळू शकते.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. एकाच पुळणीवर अनेक नौकांचे प्रतिनिधी असल्याने ग्राहकांसाठी स्पर्धा होते. नकार दिल्यावरही होणारा आग्रह आणि परवाना नसलेल्यांकडून होणारी विक्री या कॅरिबियनमधील बहुतेक पर्यटनस्थळी ऐकू येणाऱ्या तक्रारी आहेत. परवानाधारक चालकांनाही अशा विक्रीचा त्रास होतो, कारण एका वाईट अनुभवाने संपूर्ण किनाऱ्याचे नाव खराब होते.

विदेशी पाहुण्यांइतकेच महत्त्व देशांतर्गत पर्यटकांना आहे. त्रिनिदादमधून बोटीने किंवा विमानाने येणारी कुटुंबे ईस्टर, शाळांच्या सुट्ट्या आणि लागून आलेल्या सुट्ट्यांच्या दिवसांत नैर्ऋत्य किनाऱ्यावर गर्दी करतात. उत्तर गोलार्धातील हिवाळ्यात युरोप व उत्तर अमेरिकेतील प्रवाशांचा ओघ वाढतो.

सहलीचे स्वरूप

नौका

सहलीसाठी वापरल्या जाणाऱ्या नौका रुंद व सपाट तळाच्या असतात. तळाच्या मधल्या भागात जाड पारदर्शक काचा बसवलेल्या असून त्यांच्या दोन्ही बाजूंना प्रवाशांसाठी बाके असतात. उन्हापासून संरक्षणासाठी वर छत असते. नौका मागील बाजूस बसवलेल्या इंजिनावर चालते. नौकेवर सहसा एक चालक आणि एक किंवा दोन सहायक असतात. सहायकांपैकी एक जण वाटाड्याचे काम करतो.

काचेच्या तळामुळे पोहता न येणाऱ्यांना, लहान मुलांना आणि वृद्धांनाही पाण्याखालचे जग पाहता येते. ज्यांना पाण्यात उतरायचे असते त्यांच्यासाठी मुखवटे व श्वासनळ्या उपलब्ध असतात.

मार्ग

सर्वसाधारण सहल दोन ते अडीच तासांची असते. तिचे प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

कोरल गार्डन्स: प्रवाळभित्तीच्या पठारांमधील या भागात नौकेचा वेग कमी केला जातो. तळाच्या काचेतून सांबरशिंगासारख्या फांद्यांचे एल्कहॉर्न प्रवाळ, मेंदूसारख्या वळ्यांचे गोलाकार प्रवाळ आणि पाण्याच्या हालचालीबरोबर डोलणारे पंख्याच्या आकाराचे मृदू प्रवाळ दिसतात. पोपटमासे, सार्जंट मेजर या पट्टेदार माशांचे थवे आणि इतर रंगीत मासे येथे आढळतात. वाटाडा प्रत्येक प्रकाराचे नाव व स्थानिक ओळख विनोदी ढंगात सांगतो.

नायलॉन पूल: भित्तीच्या आतील बाजूस, किनाऱ्यापासून दूर असूनही सुमारे एक मीटर खोलीचा हा उथळ भाग आहे. तळाशी पांढरी प्रवाळजन्य वाळू असल्याने पाणी फिकट निळे व अत्यंत पारदर्शक दिसते. ब्रिटनच्या राजकन्या मार्गारेट यांनी या पाण्याची तुलना नायलॉनच्या मोज्यांशी केल्यामुळे हे नाव पडले, असे सांगितले जाते. या पाण्यात स्नान केल्याने माणूस काही वर्षांनी तरुण होतो, ही वाटाड्यांची आवडती लोककथा आहे. येथील बारीक वाळू अंगाला चोळण्याची पद्धतही आहे.

नो मॅन्स लँड: बॉन अकॉर्ड लगूनच्या तोंडाशी असलेला हा वाळूचा पट्टा आहे. काही लांब सहलींमध्ये येथे थांबून मासे व कोंबडी भाजून जेवण दिले जाते.

परतीच्या प्रवासात सोका व कॅलिप्सो हे स्थानिक संगीत वाजवले जाते. समुद्राची स्थिती, भरती-ओहोटी आणि पाण्याची पारदर्शकता यांनुसार मार्ग बदलतो. पावसाळ्यात, म्हणजे साधारण जून ते डिसेंबर या काळात, पाणी अनेकदा गढूळ होते. दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीचे गोडे पाणी या काळात सागरी प्रवाहांबरोबर टोबॅगोपर्यंत येते आणि समुद्राला हिरवट रंग येतो. जानेवारी ते मे हा कोरडा काळ सहलींसाठी अधिक अनुकूल समजला जातो.

वाटाड्यांचे ज्ञान

प्रवाळांमधून नौका नेणे कौशल्याचे काम आहे. पाण्याची खोली थोड्याच अंतरावर एकदम बदलते आणि ओहोटीच्या वेळी काही वाटा बंद होतात. पाण्याच्या रंगावरून तळ ओळखणे हे या कौशल्याचे मूळ आहे. फिकट रंग उथळ वाळू दर्शवतो, तपकिरी छटा प्रवाळ किंवा समुद्री गवत सुचवते आणि गडद निळा रंग खोल वाट दाखवतो. लाट कोठे व कशी फुटते यावरून पाण्याखालील उंचवट्याचा अंदाज येतो. हे ज्ञान प्रामुख्याने वडीलधाऱ्या मच्छीमारांच्या सोबतीने काम करता करता मिळते.

रोज त्याच ठिकाणी जाणाऱ्या चालकांना प्रवाळांतील बदल लवकर जाणवतात. एखादा प्रवाळ पांढरा पडणे, शेवाळ वाढणे, विशिष्ट मासे कमी होणे या गोष्टी शास्त्रीय पाहणी होण्यापूर्वी त्यांच्या लक्षात येऊ शकतात. तसेच बहुसंख्य पर्यटकांना प्रवाळांविषयी जी काही माहिती मिळते ती वाटाड्याच्या तोंडूनच. प्रवाळावर पाय ठेवू नका, काही तोडू नका, माशांना खाऊ घालू नका, या सूचना परिणामकारक ठरतात की नाही हे त्याच्या वागण्यावर अवलंबून असते.

पर्यावरणावरील परिणाम

सहलींमुळे होणारी हानी

प्रवाळभित्तीची वाढ अत्यंत संथ असते. वेगाने वाढणाऱ्या फांद्यांच्या प्रवाळांची लांबी वर्षाला काही सेंटिमीटरने वाढते, तर गोलाकार प्रवाळांची वाढ वर्षाला एक सेंटिमीटरपेक्षाही कमी असू शकते. त्यामुळे एका पावलाखाली मोडलेला भाग पुन्हा तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. अनेक दशके चाललेल्या चालण्याच्या प्रथेमुळे बकू भित्तीवरील काही पठारांवर तुटलेल्या प्रवाळांचा थर साचला. नौकांचे नांगर आणि तळ घासणे यांमुळेही प्रवाळ मोडले. पाण्यात उतरलेल्या पर्यटकांच्या पायांनी ढवळलेली वाळू प्रवाळांवर बसते आणि त्यांना मिळणारा प्रकाश कमी होतो.

जमिनीवरून येणारे प्रदूषण

नैर्ऋत्य टोबॅगोत हॉटेले व घरे वाढत गेली, परंतु सांडपाण्याची व्यवस्था त्या प्रमाणात वाढली नाही. सांडपाणी बॉन अकॉर्ड लगूनमध्ये व सच्छिद्र चुनखडकातून समुद्रात पोहोचते. त्यातील नायट्रोजन व फॉस्फरसमुळे शेवाळ व सागरी तण जोमाने वाढते आणि प्रवाळांची जागा व्यापते. बकू भित्तीवरील सागरी तणाच्या रासायनिक परीक्षणावर आधारित, इ.स. २०१० मध्ये प्रकाशित झालेल्या एका अभ्यासात जमिनीवरून येणाऱ्या पोषकद्रव्यांचा, विशेषतः सांडपाण्याचा प्रभाव स्पष्टपणे आढळला. हा प्रश्न पर्यटनाशी संबंधित असला तरी त्याचे उत्तर सहलचालकांच्या हाती नाही. ज्या हॉटेलांतून त्यांचे प्रवासी येतात, त्यांचेच सांडपाणी त्यांच्या व्यवसायाला बाधक ठरते.

रोग आणि तापमानवाढ

इ.स. १९८३ पासून कॅरिबियन समुद्रात लांब काळ्या काट्यांच्या सागरी अर्चिनांचा रोगामुळे मोठ्या प्रमाणावर नाश झाला. हे प्राणी शेवाळ खाऊन प्रवाळांसाठी जागा मोकळी ठेवत असत. ते नाहीसे झाल्यावर शेवाळ खाण्याचे काम मुख्यत्वे पोपटमाशांसारख्या माशांवर येऊन पडले. याच काळात एल्कहॉर्न प्रवाळांवर पांढऱ्या पट्ट्याचा रोग पसरला आणि संपूर्ण कॅरिबियनमध्ये त्यांची संख्या झपाट्याने घटली.

समुद्राचे तापमान नेहमीपेक्षा जास्त काळ चढे राहिल्यास प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. या प्रक्रियेला विरंजन म्हणतात. तापमान लवकर उतरल्यास प्रवाळ सावरू शकतात, अन्यथा ते मरतात. टोबॅगोच्या प्रवाळांना इ.स. २००५ आणि इ.स. २०१० मध्ये विरंजनाचा मोठा फटका बसला. विरंजनाच्या काळात काचेतून दिसणारे पांढरेशुभ्र प्रवाळ अनभिज्ञ प्रवाशाला आकर्षक वाटू शकतात, मात्र ते त्या प्रवाळांच्या संकटाचे चिन्ह असते.

संरक्षण आणि व्यवस्थापन

टोबॅगोचा स्थानिक कारभार इ.स. १९८० मध्ये स्थापन झालेल्या टोबॅगो हाउस ऑफ असेंब्लीकडे आहे. सागरी उद्यानाची देखरेख, गस्त आणि सहलींच्या नौकांवरील नियंत्रण ही कामे असेंब्लीच्या सागरी संसाधन व मत्स्य विभागाशी संबंधित आहेत. उद्यानात मासेमारी करणे, प्रवाळ तोडणे किंवा नेणे आणि प्रवाळांवर चालणे यांना मनाई आहे. ८ जुलै २००५ रोजी बकू प्रवाळभित्ती व बॉन अकॉर्ड लगून यांचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. या क्षेत्राचा विस्तार १,२८७ हेक्टर आहे.

कायदा झाल्यानंतरही अनेक वर्षे अंमलबजावणी अपुरी राहिली. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात गस्त घालण्यासाठी मनुष्यबळ व नौका कमी पडत. नियम करताना ज्यांच्या उपजीविकेवर परिणाम होणार होता त्यांचे म्हणणे फारसे विचारात घेतले गेले नव्हते, ही दुसरी अडचण होती. इ.स. १९९४ मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या सागरी व्यवहार संस्थेने उद्यानासाठी व्यवस्थापन आराखडा तयार केला.

इ.स. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅट्रीना ब्राउन, एमा टॉम्किन्स, नील ॲजर आणि वेस्ट इंडीज विद्यापीठातील सहकाऱ्यांनी बकू येथे वेगळी पद्धत वापरली. सहलचालक, मच्छीमार, हॉटेलव्यावसायिक, गावकरी, पर्यटक व शासकीय विभाग अशा सर्व संबंधितांना सहभागी करून त्यांनी पुढील विकासाचे चार पर्याय मांडले. पर्यटनाचा मर्यादित विस्तार की मोठा विस्तार आणि त्याबरोबर सांडपाणी प्रक्रियेसारखे पर्यावरणीय उपाय करायचे की नाही, या दोन प्रश्नांतून हे चार पर्याय तयार झाले होते. प्रत्येक पर्यायाचे आर्थिक, सामाजिक व पर्यावरणीय परिणाम सर्वांसमोर ठेवण्यात आले आणि कोणत्या निकषाला किती महत्त्व द्यावे हे सहभागी गटांना विचारण्यात आले. हितसंबंध भिन्न असूनही मर्यादित पर्यटन आणि त्यासोबत पर्यावरणीय उपाय या पर्यायाकडे सर्व गटांचा कल आढळला. हा अभ्यास इ.स. २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सागरी संरक्षित क्षेत्रांच्या व्यवस्थापनात स्थानिकांना सहभागी करून घेण्याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

या निष्कर्षाला व्यावहारिक अर्थ होता. प्रवाळ टिकले नाहीत तर ग्राहक येणार नाहीत, हे सहलचालकांना इतरांइतकेच ठाऊक होते. परंतु एका चालकाने संयम पाळला आणि दुसऱ्याने प्रवाशांना प्रवाळांवर उतरवले, तर नुकसान संयम पाळणाऱ्याचे होते. त्यामुळे सर्वांना सारखे लागू होणारे आणि प्रत्यक्ष अमलात येणारे नियम चालकांच्याही हिताचे ठरतात.

अर्थव्यवस्थेतील स्थान

वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने इ.स. २००८ मध्ये टोबॅगोच्या प्रवाळभित्तींच्या आर्थिक मूल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. इ.स. २००६ मध्ये प्रवाळांशी निगडित पर्यटनातून बेटाच्या अर्थव्यवस्थेला प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून १० कोटी १० लाख ते १३ कोटी अमेरिकी डॉलर एवढा लाभ झाल्याचा हा अंदाज होता. लाटांपासून किनाऱ्याचे रक्षण होत असल्याने टळणाऱ्या नुकसानीचे मूल्य वर्षाला १ कोटी ८० लाख ते ३ कोटी ३० लाख डॉलर, तर प्रवाळांवरील मासेमारीचे मूल्य ८ लाख ते १३ लाख डॉलर असल्याचे नमूद करण्यात आले. हे अंदाज संपूर्ण बेटाच्या प्रवाळांविषयीचे असून बकू ही त्यांतील सर्वांत मोठी प्रवाळभित्ती आहे.

या उत्पन्नाचा मोठा भाग हॉटेले, विमानप्रवास व इतर सेवांकडे जातो. सहलीच्या तिकिटाचा पैसा मात्र थेट नौकामालक, चालक, सहायक आणि पुळणीवरील प्रतिनिधी यांच्या हाती पडतो. इंधन, इंजिनाची दुरुस्ती, काचांची देखभाल आणि परवान्याचा खर्च भागवून उरलेले उत्पन्न हंगामावर अवलंबून असते. समुद्र खवळलेला असेल किंवा पाणी गढूळ असेल तर त्या दिवशी काहीच मिळत नाही.

कोविड-१९ च्या साथीत या व्यवसायाचे परावलंबित्व उघड झाले. त्रिनिदाद आणि टोबॅगोने मार्च २०२० मध्ये आपल्या सीमा बंद केल्या आणि १७ जुलै २०२१ रोजी त्या पुन्हा खुल्या केल्या. या काळात पुळणींवरही दीर्घकाळ बंदी होती. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी गल्फस्ट्रीम ही तेलवाहू बार्ज टोबॅगोच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलटलेली आढळली आणि तिच्यातील तेल सुमारे १५ किलोमीटर किनाऱ्यावर पसरले. बकू प्रवाळभित्ती बेटाच्या दुसऱ्या बाजूस असली तरी कार्निव्हलच्या सुट्टीच्या तोंडावर घडलेल्या या घटनेने संपूर्ण बेटाच्या पर्यटनाविषयी चिंता निर्माण झाली.

सांस्कृतिक संदर्भ

सहलींचा किनाऱ्यावरील इतर जीवनाशी जवळचा संबंध आहे. स्टोअर बे येथील खाद्यगृहांत मिळणारे कालवणातील खेकडे व डंपलिंग हा पदार्थ सहलीनंतरच्या जेवणासाठी प्रसिद्ध आहे. या पदार्थातील मसाल्यांचे मूळ भारतीय आहे. इ.स. १८४५ ते १९१७ या काळात १ लाख ४० हजारांहून अधिक भारतीय मजूर करारबद्ध कामगार म्हणून त्रिनिदादला गेले आणि त्यांच्यासोबत गेलेली 'करी' पुढे टोबॅगोच्या स्वयंपाकातही रुळली.

बकू गाव ईस्टरनंतरच्या मंगळवारी होणाऱ्या शेळ्यांच्या शर्यतींसाठी ओळखले जाते. ही परंपरा इ.स. १९२५ पासूनची आहे. शर्यतीत स्वार शेळीवर बसत नाही, तर दोरी धरून तिच्यामागे धावतो. दर रविवारी रात्री येथे 'संडे स्कूल' या नावाने ओळखला जाणारा खुला कार्यक्रम होतो. नावावरून धार्मिक वर्गाचा समज होत असला तरी तो स्टीलपॅन वाद्यवृंद, नृत्य आणि खाद्यपदार्थांचा मेळा असतो. दिवसा नौकेवर भेटलेले वाटाडे आणि पर्यटक संध्याकाळी येथे पुन्हा भेटतात.

प्रवाशांकडून अपेक्षित वर्तन

प्रवाळभित्तीवर जाणाऱ्या प्रवाशांनी काही संकेत पाळणे अपेक्षित असते. प्रवाळांना स्पर्श करू नये, त्यांवर उभे राहू नये आणि शंख किंवा प्रवाळांचे तुकडे सोबत आणू नयेत. पाण्यात केवळ वाळूच्या तळावर पाय टेकवावा. काही रासायनिक सनस्क्रीन प्रवाळांना अपायकारक ठरू शकत असल्याने उन्हापासून बचावासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे अधिक योग्य समजले जातात. परवानाधारक नौका निवडावी, नौकेवर पुरेशी जीवरक्षक जाकिटे आहेत याची खात्री करावी आणि प्रवाळांवर उतरवण्याची तयारी दाखवणाऱ्या चालकाला नकार द्यावा. प्रवाशाने अशी मागणी स्वतःहून न केल्यास नियम पाळणाऱ्या चालकाचे काम सोपे होते.